एका मॉड्यूलने अडवलेली क्षमता चाचणी

राजस्थानातील एका सौर प्रकल्पालगतच्या बॅटरी साठवण केंद्राची क्षमता चाचणी माझ्याकडे होती. आमच्या प्रत्येक कंटेनरमध्ये दहा रॅक होते आणि प्रत्येक रॅकमध्ये २८० अँपिअर-तासांचे ४१६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एकसरीत जोडलेले होते. एकसरीत जोडणी असल्याने एक सेल रिकामा झाला की अख्खा रॅक थांबतो.

पहिल्याच डिस्चार्जला तिसऱ्या कंटेनरमधला एक रॅक वेळेआधी बाहेर पडला. मला आश्चर्य वाटले, कारण आदल्या संध्याकाळी सगळे सेल दोन-तीन मिलिव्होल्टच्या फरकात होते. पण या रसायनाचा हाच फसवा गुण आहे: मधल्या पट्ट्यात चार्ज कितीही बदलला तरी व्होल्टेज जवळपास सपाट राहते आणि खरी तफावत अगदी तळाला किंवा माथ्यालाच उघडी पडते. स्क्रीनवर सर्वात कमी व्होल्टेजच्या (किमान) सेलची रेषा एकाएकी खाली कोसळली, तेव्हा बाकीचे सेल निवांत होते.

अनुक्रमांक ताडून पाहिल्यावर उलगडा झाला. वाहतुकीत खराब झालेले एक मॉड्यूल, म्हणजे रॅकमधला सेलचा एक गट, पुरवठादाराच्या माणसांनी बदलले होते, परंतु नव्याचा चार्ज इतरांशी जुळवला नव्हता आणि बदलाची नोंदही आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. फरक सुमारे पाच टक्के, म्हणजे १४ अँपिअर-तास होता. बीएमएसच्या, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेच्या, १०० मिलिअँपिअरच्या बॅलन्सिंगने (सेलमधला चार्ज समान करण्याच्या क्रियेने) तो भरून यायला १४० तास लागले असते.

मुदत जवळ आल्यामुळे किमान व्होल्टेजची मर्यादा थोडी खाली सरकवून चाचणी उरकावी, असे मला सुचवण्यात आले. मी ठाम नकार दिला. अतिडिस्चार्जमध्ये ऋणाग्राचे तांबे विरघळून पुढे सेलच्या आत शॉर्ट होऊ शकतो. शिवाय ३० जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळच्या व्हिक्टोरिया बिग बॅटरीला आग लागली ती चाचण्यांच्याच काळात, आणि कूलंट गळालेल्या त्या युनिटची देखरेख तेव्हा बंद होती, हे मी विसरू शकत नव्हतो. चाचणीसाठी संरक्षण सैल करणे मला मान्यच नव्हते.

आम्ही रॅक विलग केला, ते मॉड्यूल सुटे करून स्वतंत्र चार्जरवर घेतले आणि दर अर्ध्या तासाला तापमान लिहीत त्याला कमी पडलेला चार्ज दिला. रॅक पुन्हा जोडून पूर्ण चार्ज केला. दुसऱ्या डिस्चार्जच्या शेवटी किमान आणि कमाल सेलच्या रेषा सोबतच खाली आल्या, एकही रॅक मध्येच सुटला नाही आणि ग्रीडकडच्या मीटरवर करारातली ऊर्जा पूर्ण मोजली गेली.