गच्चीवर पडतं किती पाणी? काढा की हिशोब

पाऊस लागला की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर रेन वॉटर हार्वेस्टिंगचा विषय निघतोच, आणि मग कोणीतरी म्हणतंच की नाशकात पडतो तरी किती, कशाला खर्च. तर आधी गणित करू, सोप्पं आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोब्बर एक लिटर पाणी. १००० स्क्वेअर फूट गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, शहरात वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिमी धरला तर झाले ६५ हजार लिटर. त्यातलं थोडं स्लॅब पितो, थोडं उडून जातं, पहिल्या पावसाचं घाण पाणी आपणच सोडून देतो, म्हणून ०.८ ने गुणायचं. उरले ५२ हजार. दहा हजारी टँकर पाच आले की हो दारात, फुकटात!

पण बातम्यांत इगतपुरीचा पाऊस ऐकून तो आकडा टाकू नका. तिथे ३००० मिमीच्या वर कोसळतो आणि शहर जेमतेम पन्नास किमीवर, पण घाट ढगांना तिथेच रिकामं करतो ना, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. सिन्नरवाल्यांनी तर अजून कमी धरा. आणि उतरते पत्रे असतील तर पत्रा मोजायचा नाही, खाली जमीन जेवढी झाकली जाते तेवढीच मोजायची.

खरी गोची पुढे आहे. एका दिवसात इंचभर म्हणजे २५ मिमी पडला तर याच गच्चीवरून १८५० लिटर येतात, म्हणजे २००० ची काळी टाकी एका दिवसात भरत आली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गटारात, कारण पावसाळ्यात बागेलाही पाणी लागत नाही आणि टाकी काही रिकामी होत नाही. सगळं साठवायचं तर चार बाय चार मीटरचा सव्वातीन मीटर खोल हौद हवा, म्हणजे पार्किंग गेलंच. म्हणून माझं मत बोअर रिचार्जचं, म्हणजे गच्चीचं पाणी बोअरमधून जमिनीत मुरवायचं, फक्त मधे खडी-वाळूचा फिल्टर पाहिजेच, पाइप थेट बोअरमध्ये सोडला तर गच्चीवरची कबुतरांची घाणसुद्धा खाली जाते.

आमच्याकडे गच्चीचे पाइप चारी कोपऱ्यांत उतरतात, ते सगळे एकत्र आणायचे तर प्लंबर फार पैसे सांगतोय. सध्या बोअरच्या बाजूचे दोनच जोडतोय, म्हणजे अर्धी गच्ची, २६ हजार लिटर.