बझर, बोट आणि गोरोबाकाका: आमच्या क्विझ टीमची जुलै ते डिसेंबरची नोंद

टीम तिघांची. नववीतली कॅप्टन, तिच्याकडे इतिहास-भूगोल. तिच्याच वर्गातला विज्ञानवाला. आणि आठवीतला एक किडकिडीत पोरगा, ज्याला क्रिकेट सोडून सगळं येतं. शाळा सुटल्यावर पाऊण तास सराव. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तेर सायकलच्या अंतरावर. हे तेर पुढे येणार आहे.

जुलैचं थोडक्यात सांगतो. लेखी फेरीत २० प्रश्न होते, वरच्या सहा टीम स्टेजवर जाणार होत्या. आमचे ९ बरोबर. डबे प्रेक्षकांत बसून खाल्ले आणि चारच्या एसटीनं घरी आलो.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी स्टेज मिळाला. बझर राउंड होता, म्हणजे जो आधी बटण दाबेल त्यानं उत्तर द्यायचं. बरोबरला १०, चुकीला उणे ५. क्विझमास्टर वाचत होते, ‘पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी वर्णनानुसार या बाजारपेठेतून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं. त्यात तिचं नाव तगर असं येतं...’ एवढ्यावर शेजारच्या टीमनं दाबलं. ‘तेर.’ दहा गुण त्यांचे. प्रश्नाचं उरलेलं वाक्य नंतर ऐकवलं, ‘संत गोरा कुंभारांचं हे गाव कोणतं?’

आमची कॅप्टन लहानपणापासून तेरच्या यात्रेला जाते. परतताना एसटीत म्हणाली, ‘सर, तेर म्हणजे गोरोबाकाकांचं, एवढंच ठावं होतं. तगर कुठून काढलं त्यांनी?’ आणि गंमत म्हणजे तेरच्या वस्तुसंग्रहालयात आम्ही सहल नेली होती! सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या बघितल्या, फोटो काढले, बाहेर येऊन भेळ खाल्ली.

तेव्हा लक्षात आलं की पोरांना उत्तर येतं, पण ते प्रश्नाच्या शेपटाकडून येतं. बझरचा प्रश्न डोक्याकडून सुरू होतो. सामान्यज्ञानाची जाड पुस्तकं पाठ करून हे सुटत नाही, कारण त्यांतला प्रश्न एका ओळीचा असतो. म्हणून वाचन निम्मं केलं आणि पोरांनाच प्रश्न लिहायला बसवलं. एका कार्डावर एक उत्तर, त्याचे चार धागे, अवघड आधी, सोपा शेवटी. स्वामी रामानंद तीर्थांच्या कार्डावर पहिली ओळ ‘मूळ आडनाव खेडगीकर’, आणि नांदेडचं विद्यापीठ पार तळाला. ज्यानं कार्ड लिहिलं, त्याला ते उत्तर चारही बाजूंनी येतं. दिवाळीपर्यंत बुटाच्या खोक्यात १४० कार्डं जमली.

आता बझर. विकतचा परवडेना, म्हणून आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर केला. चार बटणं, चार एलईडी, जो आधी दाबेल त्याचा दिवा लागतो आणि बाकीची लॉक. टेबलावर झकास चालला. वर्गात वायरी लांबवल्या आणि पंखा बंद केला की तीन नंबरचा दिवा आपोआप लागायचा. पोरं म्हणायची, तीन नंबरला भूत बसलंय. दोष पुलअपचा होता, म्हणजे बटण दाबलेलं नसताना सिग्नल एका जागी धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरचा. नॅनोच्या आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे लेचापेचा. पाच मीटरच्या वायरीनं पकडलेला खरखराट त्याला आवरत नाही. प्रत्येक बटणाला बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, भूत गेलं. लाइट गेल्यावर पॉवर बँक लावाल तर एक सांगतो. नॅनो इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून झोपी जातात. आमची जायची. शेवटी जुना मोबाइल चार्जर लावला आणि लाइट गेली की ‘टॅक’ म्हणत हात वर करायचा.

बझर हाती आल्यावर उलटंच दुखणं सुरू झालं, घाई. सप्टेंबरातला प्रश्न, ‘उल्कापातामुळे तयार झालेलं लोणार सरोवर...’ आणि आमच्या विज्ञानवाल्यानं दाबलं. ‘बुलढाणा!’ प्रश्न पुढे होता, ‘...कोणत्या प्रकारच्या खडकात आहे?’ उत्तर बेसाल्ट. उणे ५. त्यालाही ते येत होतं, म्हणून जास्त लागलं. आता सरावात नियम केलाय की ‘कोणता, कोणत्या, किती’ यातला शब्द कानावर पडेपर्यंत बोट बटणावर ठेवायचं, दाबायचं नाही. किडकिड्याला हे जमतं. बाकी दोघं अजून कच्ची.

त्याच स्पर्धेत एक रडगाणं. मराठवाड्यात जिल्हे किती, असं विचारलं. कॅप्टननं आठ सांगितलं, क्विझमास्टरांच्या कागदावर सात. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा झाला, त्याआधीचा कागद असावा. हरकत फक्त कॅप्टननं आणि पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत घ्यायची असते. ती माझ्याकडे बघत राहिली, मी प्रेक्षकांत, आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न सुरू झाला. चूक माझी. हरकत कशी घ्यायची हे शिकवलंच नव्हतं. आता खोक्यात एक कार्ड फक्त त्या वाक्याचं आहे, ‘सर, हरकत आहे, कारण...’ आणि पुढे तारीख.

डिसेंबरात लेखी फेरीत २० पैकी १५, स्टेजवर दुसरे. टायब्रेकरमध्ये गेलो आणि तिथे वेरूळच्या ३४ लेण्यांऐवजी अजिंठ्याच्या ३० सांगून आलो. यावर जास्त लिहीत नाही.

परवा कॅप्टननं मलाच बटण देऊन बसवलं आणि नवं कार्ड वाचायला घेतलं. ‘बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी...’ मी दाबलं. ‘सिंदफणा.’ तिनं शांतपणे उरलेलं वाचलं. तेरणा हिला मिळते, तेलंगणातलं सिंगूर धरण हिच्यावर आहे, आणि हिच्यावरचं धनेगावचं धरण आटलं म्हणून २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती नदी कोणती?

मांजरा.

‘उणे पाच, सर,’ किडकिड्या म्हणाला आणि फळ्यावर लिहूनही आला.