त्याहून एकही शब्द जास्त नको

१८ ऑक्टोबर, शनिवार. शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया.

आज लेकीबरोबर माँटिचेल्लोची टेकडी पाहून आलो. ती ज्या विद्यापीठात शिकते, त्याचे संस्थापक थॉमस जेफरसन यांचे हे घर. घर पाहून झाल्यावर बहुतेक मंडळी बसने खाली गेली. आम्ही दोघे मात्र झाडीतल्या पायवाटेने चालत उतरलो, कारण मला त्यांचे थडगे पाहायचे होते.

दफनभूमीला लोखंडी कुंपण आहे आणि ती आजही जेफरसन यांच्या वंशजांच्या संस्थेच्या मालकीची असल्यामुळे बाहेर उभे राहूनच पाहावे लागते. डॅब्नी कार या जिवलग मित्राच्या आणि मेहुण्याच्या मृत्यूनंतर, १७७३ मध्ये, जेफरसन यांनी ही जागा दफनासाठी राखली. आत एक उंच, वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ आहे. त्यावरचा मजकूर असा, की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक, व्हर्जिनियाच्या धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याचे कर्ते आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे जनक थॉमस जेफरसन यांना येथे पुरले. ते आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते, त्याआधी उपाध्यक्ष, देशाचे पहिले परराष्ट्रमंत्री, फ्रान्समधील राजदूत आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर होते, यातले काहीही तिथे नाही. हा मजकूर त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता आणि त्याहून एकही शब्द जास्त नको, असेही बजावले होते. लग्नपत्रिकेत काकांच्या नावापुढे ‘माजी उपसरपंच’ छापायचे राहिले म्हणून झालेले रुसवेफुगवे मी पाहिलेले आहेत. त्यामुळे मी त्या कुंपणाशी जरा जास्तच वेळ रेंगाळलो.

जन्मतारखेपुढे इंग्रजीत ‘ओ. एस.’ अशी दोन अक्षरे आहेत, म्हणजे जुनी कालगणना. १७५२ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने पंचांग बदलताना अकरा दिवस गाळले, त्यामुळे २ एप्रिल १७४३ हा त्यांचा जन्मदिवस नव्या गणनेत १३ एप्रिल झाला; दगडावर मात्र त्यांनी जुनीच तारीख ठेवली. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद ऐकत वाढलेल्या मला ती दोन अक्षरे पाहून हसू आले. मृत्यूची तारीख ४ जुलै १८२६ आहे, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली तो दिवस. जॉन अॅडम्स हे जेफरसन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्षही त्याच दिवशी गेले.

खरे तर आज पाहिला तो मूळ दगड नव्हेच. तीन फुटांचा साधा चौथरा आणि त्यावर सहा फुटांचा स्तंभ, असा आराखडा जेफरसन यांनी स्वतः काढला होता आणि दगड मुद्दाम ओबडधोबड सांगितला होता, म्हणजे पुढे कोणी त्याच्या किमतीच्या मोहाने तो मोडणार नाही. तसा दगड १८३३ मध्ये उभा राहिला. लोकांनी तो किमतीसाठी मोडला नाही, आठवण म्हणून त्याचे टवके काढून नेले! अखेर १८८२ मध्ये अमेरिकी संसदेने नव्या, मोठ्या स्तंभासाठी पैसे मंजूर केले आणि झिजलेला जुना दगड वंशजांनी १८८३ मध्ये मिसूरी विद्यापीठाला दिला. तो तिथे कोलंबिया गावी विद्यापीठाच्या आवारात आहे. मिसूरीचा तो मुलूख राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनीच १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतला होता. ज्या कारकिर्दीचा त्यांनी दगडावर उल्लेख टाळला, तिच्यातच मिळवलेल्या जमिनीवर तो दगड आता उभा आहे.

इथपर्यंत मी त्यांच्या संयमावर खूश होतो. लेक म्हणाली, “बाबा, कबर कोणी खणली ते विचारा ना.” ती वोर्मली ह्यूज या बागेच्या प्रमुख माळ्याने खणली आणि शवपेटी जॉन हेमिंग्ज या सुताराने केली. दोघेही जेफरसन यांचे गुलाम होते. हेमिंग्ज यांना मृत्युपत्राने स्वातंत्र्य मिळाले आणि ह्यूज यांनाही घरच्यांनी मोकळे सोडले. पण जेफरसन प्रचंड कर्ज मागे ठेवून गेले होते, आणि ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये जो लिलाव झाला, त्यात ह्यूज यांची बायको अर्सुला आणि त्यांची मुले विकली गेली. ज्या हातांनी धन्याची कबर खणली, त्यांचा संसार सहा महिन्यांत मोडला. जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलामीत ठेवली. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य ज्या जाहीरनाम्यात आहे, तो त्या स्तंभावरच्या यादीत पहिला आहे.

पायवाट संपते तिथे, गाड्या उभ्या करण्याच्या जागेला लागून, या गुलामांची दफनभूमी आहे. झाडांखाली चाळीसहून अधिक कबरी आहेत. कुठे कुठे जमिनीतून वर आलेला एखादा दगड दिसतो, पण त्यावर अक्षर नाही. लेक म्हणाली, की पहिल्या वर्षी ती दोन महिने इथे गाडी लावत होती आणि तिला हे ठाऊकच नव्हते.

रात्री त्या तीन ओळी वहीत मराठीत उतरवून घेतल्या. ‘लेखक’ हा शब्द लगेच सुचला, ‘जनक’ही सुचला. खाली वोर्मली ह्यूज हे नाव लिहिले आणि त्यापुढे काय लिहावे ते न सुचल्याने नुसते ‘माळी’ लिहिले.