पावसाळ्याआधी टायर, अलाइनमेंट, वायपर करून घेतलं, त्याचा माझा अनुभव

आमचं सासर चिपळूणला आणि राहायला आम्ही पुण्यात, त्यामुळे जून उजाडला की ताम्हिणी घाटातून खाली उतरणं आलंच, आणि ताम्हिणीतला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको की तिथे गाडीचं इंजिन कितीचं आहे वगैरे गोष्टी गौण असतात, टायर धरतात का आणि काचेतून दिसतं का एवढंच खरं. म्हणून मी ठरवलं होतं की यंदा मिरगाच्या आधी हे काम स्वतः उभं राहून करून घ्यायचं. नवरा ऑफिसच्या कामात, म्हणून मीच गेले.

आता कोणी म्हणेल की सर्व्हिसिंग तर नुकतंच झालं होतं ना. झालं होतं. सर्व्हिस सेंटरने दिलेल्या कागदावर टायर, वायपर, स्टेपनी सगळ्यांपुढे टिक होती, ओके ओके ओके. घरी आल्यावर मी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या टायरच्या आत मोबाईल घातला आणि फोटो काढले (खाली वाकून बघण्यापेक्षा हे सोपं पडतं, ट्राय करा). उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड जवळजवळ गुळगुळीत, आणि आतली बाजू मात्र बऱ्यापैकी शाबूत. हा टायर ओके कसा काय हे मला अजून कळलेलं नाही.

टायर कसा झिजलाय ते बघितलं की बऱ्याच गोष्टी कळतात. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहतेय, आणि एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, आउट आहे. अजून एक, तळहात टायरवरून एकदा आडवा बाहेरून आत आणि मग आतून बाहेर असा फिरवायचा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं टोचलं तरीसुद्धा अलाइनमेंटच. आणि किती झिजला तर बदलायचा हे टायरवरच असतं. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधायचा, त्याच्या सरळ रेषेत ते सापडतात. टायर झिजून त्या उंचवट्याच्या लेव्हलला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, कारसाठी कायद्याने तीच शेवटची मर्यादा. पण घाटातल्या पावसात १.६ पर्यंत थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे, ३ च्या खाली गेलं की पाणी बाहेर फेकायची ताकद कमी होते आणि साचलेल्या पाण्यावरून स्पीडमध्ये गेलात की गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगते, त्या वेळी स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नवीन टायरची खाच साधारण ८ मिलिमीटरची असते, त्यावरून अंदाज घ्या.

मग तारीख. टायरच्या साइडला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्या ओळीत शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या पुढच्या दोन्हींवर २११९, म्हणजे २०१९ सालातला एकविसावा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला गेलेत असं समजायचं आणि परत तोच मोबाईलचा उद्योग. मागचे दोन २०२२ चे निघाले, ते मधे एकदा खड्ड्यात फुगा आल्यामुळे बदलले होते, त्यांची नक्षी अजून निम्म्याच्या वर होती. तर पुढचे दोन बदलायचे हे पक्कं झालं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, पण त्या चाकावर लिहिलंय काय हे वाचायचं कोणाला सुचत नाही आपल्याकडे.

टायरच्या दुकानात गेले तर पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब घरी आहेत, १८५/६५ आर १५ आहे का बोला. मग जरा सूर बदलला. माप गाडीच्या टायरवरच असतं, १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के साइडवॉलची उंची, १५ म्हणजे रिम इंचात. एक साइज रुंद टाका, गाडी मस्त दिसते असं ते सांगतातच, मी कंपनीचं माप सोडलं नाही. मुलाने दोन टायर आणून ठेवले, मी आधी तारीख बघितली, तर एक जवळजवळ दीड वर्षापूर्वीचा आणि दुसरा त्याच्याही आधीचा. मालक काका म्हणाले, "ताई, रॅकवरच होते, उन्हात नव्हते, काही होत नाही." खरं तर नीट ठेवलेला टायर वर्षभराने खराब होत नाही हे मलाही माहितीये, पण किंमत ताज्या मालाची घेताय तर माल पण ताजा द्या ना. एक फोन झाला, गोडाऊनमधून दुसरे दोन आले, दोन्ही दोन-तीन महिन्यांपूर्वीचे आणि एकाच आठवड्यातले. बिल पक्कं घेतलं, वॉरंटीला लागतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय तो बिलात १८ च लागलाय ना हेही बघितलं.

खरी चर्चा झाली ती नवीन टायर कुठे टाकायचे यावर. मुलगा पुढे लावायला निघालाच होता. मी म्हटलं, नवीन मागे, मागचे पुढे. काका म्हणाले, "ताई, इंजिन पुढं, ओढायचं काम पुढं, ब्रेकचा लोड पुढं, नवीन पुढंच टाकतात सगळे." सगळे टाकतात हे बरोबर आहे, पण टायर कंपन्या स्वतः सांगतात की दोनच बदलताय तर नवे मागे टाका. कारण असं की ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा परत वळणावर येते, पण मागची सुटली तर शेपूट फिरतं आणि गाडी गोल फिरते, आणि तिथे आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला सावरायला जमत नाही. ताम्हिणीतल्या उतारावरच्या वळणांवर तर नाहीच नाही. काकांना ते फारसं पटलं नाही, पण गाडी तुमची म्हणून मागे टाकले. जुने टायर काढलेच होते म्हणून हवेचे रबरी व्हॉल्वही नवीन टाकले, पन्नास रुपयाला एक, तिथे कंजूषी करू नका, टायर नवा आणि व्हॉल्व जुना असला की हळूहळू हवा जात राहते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. हवा भरून झाल्यावर पोराने बोटाला थुंकी लावून व्हॉल्वच्या तोंडावर फिरवली, बुडबुडा येतो का बघायला. साबणाचं पाणी शेजारी बादलीत होतं. असो, काम झालं.

बॅलन्सिंग मला बघायला फार आवडतं. चाक मशीनवर चढवलं, झाकण पाडलं, ते गरगर फिरलं आणि थांबल्यावर स्क्रीनवर दोन आकडे, आतल्या बाजूला ३०, बाहेर १५, म्हणजे एवढे ग्रॅम वजन त्या ठिकाणी कमी पडतंय. रिम अलॉयच्या (लोखंडी नव्हे, मिश्रधातूच्या) असल्यामुळे चिकटवायची वजनं, पाच-पाच ग्रॅमच्या चौकोनी वड्यांची पट्टी असते, तेवढ्या वड्या मोडून रिमच्या आत चिकटवतात, परत फिरवतात. दोन्हीकडे शून्य येईपर्यंत. एका चाकाला ५ दाखवत होतं आणि तो काढायला लागला, मी म्हटलं नाही, परत फिरव. चिकटवायच्या आधी रिम आतून पुसायला सांगा, चिखलावर चिकटवलेली वडी पहिल्या खड्ड्यात पडते आणि मग ८०-९० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं.

अलाइनमेंटला चारही चाकांना क्लॅम्प लावतात, स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे येतात. आमच्या पुढच्या उजव्या चाकाचा टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) लाल होता, म्हणजे कड खाल्ली जाण्याचं कारण मिळालं. तो हिरवा झाला. त्याआधी चारही टायरमध्ये हवा बरोबर आहे का ते बघूनच सुरू करायला सांगायचं, नाहीतर आकड्यांना काही अर्थ नाही. कॅम्बर (उभं चाक वरून आत-बाहेर किती कललंय ते) पण करून घ्या म्हणून मागे लागले होते, त्याचे वेगळे पैसे, पण कॅम्बरचा आकडा हिरवाच दिसत होता मग कशाला, मी नको म्हटलं. टायरमध्ये नायट्रोजन भरायलाही नको म्हटलं, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना. लांबून चालवत आलात तर दोन-चार पॉइंट (म्हणजे पीएसआय) जास्तच दाखवतं, ते बघून हवा काढू नका.

आता नट. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुकानात नट हवेच्या गनने घट्ट करतात, टर्रर्र एक सेकंदात एक, आणि ते एवढे आवळले जातात की रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्याने उघडतच नाहीत. मी डिकीतून आपला पाना काढला आणि म्हटलं, एक नट मी सोडवून बघते. पोरं हसली. पाना लावला, हाताने जोर दिला, काही नाही. पाय ठेवला, पूर्ण वजन टाकून उभी राहिले, तरी ढिम्म हलेना. मग हसणं थांबलं. काका स्वतः उठून आले, पान्याला लांब पाइप घालून सगळे नट ढिले केले आणि परत हाताने आवळले, एक झाला की त्याच्या समोरचा, मग पुढचा, असे, आणि ते सुद्धा चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा पीळ. परत मी ट्राय केला, पायाने दाब दिल्यावर कटकन सुटला. एवढंच पाहिजे होतं. आणि हो, अलॉयला पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा परत चेक करायचे असतात, आम्ही माणगावला चहाला थांबलो तेव्हा केले.

स्टेपनीत हवा होती १२. बारा! कागदावर ओके. आमची स्टेपनी लोखंडी रिमवर आहे, बाकीच्यांपेक्षा लहान, तिच्यावर ८० च्या वर जाऊ नका असं स्टिकरच आहे, म्हणजे ती फक्त पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला. तिच्यात दोन-तीन पॉइंट जास्त भरून ठेवले.

वायपर मी घरीच बदलले. वैशाखातल्या उन्हाने रबर कडक होतं, ड्रायव्हरच्या बरोबर डोळ्यासमोर एक पट्टा पुसायचाच राहत होता. दोन्ही ब्लेड वेगळ्या मापाच्या असतात, ड्रायव्हरकडची मोठी, त्यामुळे जुन्या मोजून जा. क्लिप दाबली की ब्लेड खाली सरकून हुकातून निघते, फक्त एक करा, आर्म उभा असताना काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा, स्प्रिंगने तो लोखंडी आर्म सटकन काचेवर आला तर वायपरच्या पाचशे-हजारावर काचेचा खर्च पण बसतो. नव्या ब्लेड लावल्यावरही सुरुवातीला खडखड उड्या मारत होत्या, ते काचेवरच्या तेलकट थरामुळे, डिझेलचा धूर आणि वॉशिंगवाल्याने मारलेलं पॉलिश. भांड्याच्या लिक्विडने काच दोनदा धुतली, भरपूर पाणी मारलं, गेला आवाज. पाण्याच्या नोझलची भोकं टाचणीने मोकळी केली. मागच्या वायपरची क्लिप वेगळीच असते, ती काही मला निघाली नाही, ती शेजारच्या दादाने काढून दिली.

खर्च सगळे विचारतात म्हणून : टायर दोन ११,२००, व्हॉल्व १००, बॅलन्सिंग ४००, अलाइनमेंट ४००, वायपर ९००, म्हणजे तेरा हजार. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवले कारण वरचा थर गुळगुळीत असतो. २०२२ चे दोन आता पुढे आहेत, त्यांचं दिवाळीनंतर बघू, तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी हवा आणि महिन्यातून एकदा तो मोबाईलचा फोटो.