हालिग होगे: भरतीच्या पाण्यातली दहा टेकाडं

जर्मनीच्या किनाऱ्याजवळ, उत्तर समुद्रातल्या होगे या हालिगला, म्हणजे भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या सखल बेटाला, जायचं तर आधी बोटीची वेळ बघा, मुक्कामाचं नंतर. श्लुटझीलच्या धक्क्यावरून फेरी साधारण सव्वा तासात पोचवते, पण वेळा तारखेगणिक बदलतात आणि वादळात फेरी रद्दही होते. धक्क्यापर्यंतच्या बसही मोजक्याच. हॅम्बुर्गहून येणारी गाडी लेट झाली की बस चुकते आणि तिच्यामागोमाग बोट. परतीच्याच दिवशी विमान मी कधीच ठेवत नाही.

मोटार धक्क्यापाशी सोडून द्या. होगेवर भाड्याची सायकल पुरते. साडेपाच-पावणेसहा चौरस किलोमीटर जमीन, शंभरेक माणसं आणि दहा वार्फ्ट, म्हणजे मातीची भर घालून उठवलेली टेकाडं. घरं, गोठे त्यांच्यावर. खाली सगळी खाजणातली कुरणं. भोवतालचा बुटका बंधारा (१९११ ते १४) उन्हाळ्यातलं पाणी अडवतो. हिवाळी वादळात मात्र समुद्र त्यावरून आत येतो, कुरणं बुडतात, टेकाडं तेवढी वर राहतात. हे वर्षातून काही वेळा होतं.

हान्सवार्फ्टवर मधोमध तळं आहे, फेथिंग. घाईत त्याच्या बाजूने निघून जाऊ नका, होगेचं जगणं तिथे कळतं. मुख्य भूमीवरून नळ येण्याआधी पावसाचं पाणी त्यात जमायचं, ते गुरांना. छपरांवरचं पाणी वेगळ्या हौदात, ते माणसांना. मोठ्या वादळात समुद्र टेकाडावरही चढला की दोन्ही खारट. घर वाचलं तरी प्यायला थेंब नाही.

फेब्रुवारी १९६२च्या वादळानंतर घरांची बांधणीच बदलली. टेकाडात खोल रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर वरच्या मजल्याची एक खोली उभी असते. भिंती वाहून गेल्या तरी ती टिकावी, असा हिशेब.

चर्च वेगळ्या टेकाडावर आहे. १६३४च्या महापुरानंतर ते बांधलं, त्या पुरात गेलेल्या दुसऱ्या चर्चचं सामान वापरून. आत गेल्यावर बाकांखाली वाका: फरशी नाही, वाळू-शिंपल्यांचा थर आहे. पाणी शिरलंच तर मुरून जावं म्हणून. हान्सवार्फ्टवरची निळ्या टाइल्सची राजाची खोलीही बघावी. १८२५च्या पुरानंतर पाहणीला आलेला डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक खराब हवेमुळे तिथे रात्रभर अडकला होता.

एप्रिल-मेमध्ये सैबेरियाकडे निघालेले रिंगेलगान्स हंस हजारोंनी कुरणांत उतरतात, तेव्हा वाट सोडू नका. ओहोटीच्या चिखलात वाटाड्याशिवाय तर मुळीच उतरू नका: भरतीचं पाणी तुमच्या मागच्या चरांत आधी भरतं आणि किनाऱ्याकडची वाट तोडतं.