व्होल्टेज वाढव म्हणे!

"व्होल्टेज वाढव." या दोन शब्दांनी माझा अख्खा आषाढ खाल्ला. कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे त्याचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, आणि मशीन सारखं पडायला लागलं. ज्याला विचारावं तो हेच सांगायचा आणि मीही शहाण्यासारखा वाढवत गेलो. प्रोसेसर बिचारा निर्दोष होता, हे कळायला तीन आठवडे लागले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझं काम लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं. खानापुरात घरीच वरच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. आषाढी एकादशीनंतर आमच्याकडे लग्नं थांबतात, तेव्हा वैशाख-ज्येष्ठातलं साठलेलं काम उपसायचं असतं. मराठी लग्न असो की कन्नड, दोन तासांचा व्हिडिओ सगळ्यांनाच हवा असतो आणि तो रेंडर व्हायला, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाइल तयार व्हायला, माझ्या मशीनवर एक तास पन्नास मिनिटं लागायची. मशीन २०१९ मध्ये जोडलेलं: रायझन ५ २६०० प्रोसेसर, सहा कोर, बी४५० मदरबोर्ड. नवीन प्रोसेसर घ्यायचा तर पैसे नव्हते. आहे त्यालाच पळवू म्हटलं.

पहिला टप्पा सरळ गेला. रायझनचे हे प्रोसेसर सगळे अनलॉक असतात, म्हणजे वेग आपल्याला वाढवता येतो. मदरबोर्ड तेवढा बघून घ्या. बी४५० वर चालतं, ए३२० वर ओव्हरक्लॉक होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन मल्टिप्लायर ४० केला, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले ४०, झाले ४ गिगाहर्ट्झ. मूळ वेग ३.४ चा, फार तर एखादा कोर ३.९ पर्यंत उडी मारतो. आता सहाच्या सहा कोर चारवर. डब्यातून येतो तो छोटा कूलर मात्र यासाठी नाहीच. त्याच्यावर दहा मिनिटांत ९१ डिग्री झाली आणि या प्रोसेसरची हद्द ९५ ची. बेळगावला जाऊन टॉवर कूलर आणला, थर्मल पेस्ट लावली, ७४ वर आलं. झालं. इथपर्यंत एक रविवार.

त्याच रविवारी रात्री मी ती चूक केली. मशीनमध्ये आठ-आठ जीबीच्या चार रॅम स्टिक आहेत. दोन मूळच्या, दोन नंतर सेकंडहँड घेतलेल्या, वेगळ्या कंपनीच्या. चारींवर ३२०० लिहिलेलं, पण आजवर त्या २४०० वरच चालत होत्या, कारण एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगानं चालवणारं सेटिंग, कधी चालू केलंच नव्हतं. बायोस उघडलाच आहे तर तेही करून टाकू म्हटलं. एक बटण. सेव्ह केलं आणि विसरून गेलो.

मग टेस्ट. प्राइम९५ हा प्रोसेसरला दमवणारा प्रोग्राम लावायचा, त्यात स्मॉल एफएफटी नावाची टेस्ट निवडायची आणि रात्रभर सोडायचं, असं सगळे सांगतात. पहिल्या रात्री लावून झोपलो, सकाळी बघतो तर मशीन रिस्टार्ट होऊन लॉगिनला उभं. व्होल्टेज १.३५ वरून १.३६२५ केलं. दुसऱ्या रात्री तेच. १.३७५. तिसऱ्या दिवशी आई चहा देताना म्हणाली, "पहाटे तीनला लाईट गेली होती की रे." आता आषाढातला खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, इथं लाईट जाते हे नवल नाही, राहते हे नवल. पण घरात इन्व्हर्टर असल्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि साधा असे दोन मोड. आमचा साध्यावर होता. त्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पंख्याला काही कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बसतो. बटण फिरवलं. शिवाय एक युक्ती केली. जुनं लाल आकड्यांचं इलेक्ट्रिक घड्याळ, इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगला लावून ठेवलं. सकाळी ते १२:०० वर लुकलुकत असेल तर रात्री लाईट जाऊन आली. लाईनमनला "करंट यावाग बरतैत्री?" (लाईट कधी येणार?) विचारत बसण्यापेक्षा हे घड्याळ खरं बोलतं.

चौथ्या रात्री घड्याळ लुकलुकत होतं आणि तरी टेस्ट चालूच होती. आठ तास, एकही चूक नाही. मी खुशीत सकाळी पहिला व्हिडिओ रेंडरला लावला. सत्तर टक्क्यांवर निळी स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळलं.

इथून पुढचे पंधरा दिवस आठवले की अजून डोकं फिरतं. रात्री टेस्ट पास, दिवसा रेंडर नापास. कधी चाळीस टक्क्यांवर, कधी नव्वदवर. कोल्हापूरच्या मावसभावाला फोन केला, तो म्हणाला व्होल्टेज वाढव. इंटरनेटवर ओळख झालेल्या दोघांना विचारलं, तेही तेच. बेळगावच्या एका दुकानात विचारायला गेलो, तर ओव्हरक्लॉक हा शब्द ऐकून काउंटरवरच्या माणसानं हातच वर केले, "मग आम्ही बघणार नाही." बरोबर आहे त्याचंही, ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. पण सव्वीस किलोमीटर पावसात एसटीत उभं राहून हे ऐकायला गेलो होतो याचा राग येणारच ना! निघताना तो म्हणाला, "व्होल्टेज थोडं वाढवून बघा."

वाढवलं. १.३८७५. मग १.४०. रोजच्या वापराला याच्यावर जाऊ नये असं जाणकार सांगतात, ते मी ऐकलं हे नशीब. तापमान ८४. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे १.३५ वरून १.४० म्हणजे आकडा पावणेचार टक्के वाढला, तरी तापतं ते साडेसात टक्के जास्त. आणि निळी स्क्रीन काही हटेना. एकदा तर तिच्यावर चक्क "मेमरी मॅनेजमेंट" असं लिहून आलं. मी वाचलं आणि व्होल्टेज वाढवलं.

वेग ३.९ केला, तरी पडलं. ३.८ केला, तरी पडलं. इथंच ट्यूब पेटायला हवी होती. चारला न झेपणारा प्रोसेसर ३.८ ला त्याच पद्धतीनं का पडेल? पण उलट मी एक पक्का पुरावा गोळा केला. बायोसमध्ये सगळं डीफॉल्ट करून टाकलं आणि रेंडर लावला. पार झाला! म्हणजे दोष ओव्हरक्लॉकचाच, असं मी मावसभावाला ठासून सांगितलं. डीफॉल्ट केलं की मल्टिप्लायरसोबत एक्सएमपीही बंद होतं आणि रॅम गुपचूप २४०० वर जाते, हे माझ्या गावीही नव्हतं.

शेवटी सापडलं ते वैतागातून. सगळं सोडून द्यायचं ठरवून पुन्हा एकदा बायोसमध्ये गेलो, फक्त एक्सएमपी चालू केलं, प्रोसेसरला हात लावला नाही. रॅमचा तरी फायदा मिळू दे म्हटलं. रेंडर साठ टक्क्यांवर निळा! खुर्चीत नुसता बसून राहिलो. पावसाचा पत्र्यावर आवाज आणि मी.

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाकून लावलं. विंडोजशिवाय चालतं ते. पहिल्या तासातच लाल ओळी. मग एकेक स्टिक काढून वेगळी तपासली, तर चारही स्वच्छ. एकटी प्रत्येक शहाणी, चौघी एकत्र आल्या की ३२०० ला भांडण. (आमच्या गल्लीतल्या बायकांबद्दल मी असं काही म्हटलेलं नाही.) या प्रोसेसरला कंपनीनं दिलेला मेमरीचा अधिकृत वेगच २९३३ पर्यंत आहे, त्यात चार स्टिक आणि त्याही दोन जातींच्या. २९३३ वर आणलं, मेमटेस्टच्या चार फेऱ्या, शून्य चुका.

आणि प्राइम९५ रात्रभर पास का होत होतं? स्मॉल एफएफटी प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत, म्हणजे कॅशमध्येच मावतं. रॅमला ते जवळजवळ शिवतच नाही. रॅम धरायची असेल तर त्यातच ब्लेंड नावाची टेस्ट आहे. मी आठ तास अशा गोष्टीची परीक्षा घेत होतो जी आधीच पास होती.

त्यानंतर सगळं उलटं करत आलो. ४ गिगाहर्ट्झ ठेवून व्होल्टेज पायरीपायरीनं उतरवलं. १.३१२५ ला प्राइम९५ वीस मिनिटांत अडखळलं, १.३२५ ला स्थिर. तिथंच ठेवलंय. एचडब्ल्यूइन्फो हा मशीनची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडून त्यात सगळ्यात खाली व्हीआ (WHEA) एरर्सचा, म्हणजे विंडोजनं टिपलेल्या हार्डवेअरच्या चुकांचा, आकडा बघत जा. मशीन पडत नसलं तरी तो शून्याच्या वर चढत असेल तर प्रोसेसर कुरकुरतोय असं समजा. सिनेबेंच आर२० या वेग मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये २,७८० गुणांचे ३,०६० झाले.

एकावेळी एकच गोष्ट बदला हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय, वहीत तारीख घालून लिहूनही ठेवा. मावसभावाला सांगितलं तर म्हणतो, "मी तेच म्हणत होतो की!" नव्हता म्हणत.

रेंडर आता एक तास चाळीस मिनिटांत होतो. आईला अभिमानानं सांगितलं. तिनं हिशोब केला, "दहा मिनिटांसाठी महिनाभर रात्री जागलास व्हय?" तुळशीच्या लग्नानंतर रोज दोन व्हिडिओ काढायला लागतील तेव्हा सांगतो तिला.

हां, एक राहिलं. बायोसमधलं सगळं जमलं की तिथंच प्रोफाइल सेव्ह करायची सोय असते, ते करा आणि पडद्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. बायोस अपडेट केला की प्रोफाइल पुसलं जातं. आणि भलताच आकडा टाकून मशीन चालूच झालं नाही तर घाबरू नका, प्लग काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, सगळं मूळपदावर येतं. माझा सेल दोनदा कपाटाखाली गेला, तेवढं सांभाळा.