गोळीच्या स्ट्रिपमागची बारीक अक्षरे

सकाळी अंथरुणातून उठताच लागोपाठ दहा-बारा शिंका, मग नाकातून पाण्यासारखी धार, टाळूला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना सुटणारी खाज, आणि दुपारपर्यंत सगळे शांत, असा माझा क्रम कित्येक वर्षे चालू होता. याला मी सर्दी म्हणत असे. ताप नाही, अंगदुखी नाही आणि आठवडाभरात बरे वाटण्याऐवजी महिनोन्‌महिने तेच चालले आहे, ही साध्या सर्दीची लक्षणे नव्हेत, एवढा विचारही मी कधी केला नव्हता. सकाळी घरातल्या डब्यातली सर्दीची गोळी घ्यायची आणि रात्री नाक फारच वाहू लागले, तर कोणीतरी ‘ॲलर्जीची’ म्हणून दिलेली दुसरी गोळी घ्यायची, असे माझे उपचार होते.

असेच दोन-तीन दिवस दोन्ही गोळ्या घेतल्यानंतर एका सकाळी गाडी चालवताना सिग्नलला थांबले असता माझा डोळा लागला. मागच्या गाडीच्या हॉर्नने जाग आली, तेव्हा ब्रेकवरचा पाय सैल होऊन गाडी हातभर पुढे सरकली होती. कोणालाही काही झाले नाही, पण घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

त्या संध्याकाळी मी दोन्ही स्ट्रिप दिव्याखाली धरल्या. पहिलीवर पूर्ण नाव उरलेच नव्हते, कारण गोळ्या मी नेहमी छापील नावाच्या बाजूनेच कापत आले होते. उरलेल्या चंदेरी तुकड्यावर ‘निरामाइन मॅलिएट’ एवढीच अक्षरे दिसत होती. ती क्लोरफेनिरामाइनची होती. दुसऱ्या स्ट्रिपवर सेटिरिझीन १० मिलिग्रॅम असे स्पष्ट लिहिलेले होते. नावे निराळी असली, तरी दोन्ही औषधे अँटिहिस्टामिन या ॲलर्जीवरच्या एकाच गटातली, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून समजले. सर्दीच्या त्या एकाच गोळीत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे तिसरे औषधही होते, म्हणजे डोकेदुखीसाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली त्या दिवशी तीही मी दुप्पट घेतली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलेली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. ज्या पदार्थाचे वावडे असते, तो शरीरात शिरला की काही पेशी हिस्टामाइन सोडतात आणि ते पेशींवरच्या ठराविक जागी जाऊन बसले की शिंका, खाज, पाणी सुरू होते. अँटिहिस्टामिन तीच जागा आधी अडवून ठेवते. म्हणूनच शिंकांनी बेजार झाल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा, त्रास होणार हे ठाऊक असताना आधी घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. क्लोरफेनिरामाइनसारखी जुन्या पिढीची औषधे मेंदूतही सहज शिरतात, त्यामुळे गुंगी येते, आणि ती सकाळपर्यंत रेंगाळू शकते. सेटिरिझीन, लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन ही नंतरच्या पिढीची औषधे मेंदूत फारच कमी जातात; तरी सेटिरिझीनने काहींना झापड येतेच, आणि मी त्या काहींपैकी होते. मद्य किंवा झोपेची गोळी यांच्या जोडीला यांपैकी कोणतेही औषध घेऊ नये, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मग त्यांनी विचारले, “ही सर्दीची गोळी घरात आणखी कोणी घेते का?”

हे लिहिताना अजूनही मन अस्वस्थ होते. काही महिन्यांपूर्वी वडिलांना सर्दी झाली, तेव्हा मीच त्यांना तीच गोळी दिवसातून दोन वेळा दिली होती. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. तिसऱ्या रात्री त्यांची लघवी पूर्ण अडली आणि रुग्णालयात नेऊन नळी घालावी लागली. आम्ही सगळ्यांनी तो दोष प्रोस्टेटच्या माथी मारला होता. जुन्या अँटिहिस्टामिनांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते, लघवी अडू शकते, वयस्कर माणसाचा मेंदू गोंधळू शकतो, आणि नाक मोकळे करणारे औषधही मूत्रमार्ग आवळते, हे ऐकल्यावर मला त्या रात्रीचा अर्थ लागला. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्यांनाही ही औषधे धोक्याची ठरतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर सेटिरिझीनची मात्रा कमी करावी लागते. एकाची गोळी दुसऱ्याला देण्याआधी हे सगळे विचारायला हवे होते, आणि मी काहीच विचारले नव्हते.

मला नेमके कशाचे वावडे आहे हे पाहण्यासाठी त्वचेवरची चाचणी ठरली, आणि तिच्यासाठी आधीचा आठवडाभर एकही अँटिहिस्टामिन घ्यायचे नव्हते. ते सात दिवस कठीण गेले. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुऊन मी ते काढले, आणि त्यासाठीचे पाणी दर वेळी उकळून थंड केलेले वापरले. चाचणीत माझ्या हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून सुईने हलकेच टोचले. त्यांतला एक थेंब खुद्द हिस्टामाइनचा होता. पाव तासात तिथे डास चावल्यासारखी गांध उठली. गोळीचा अंश शरीरात उरला असता, तर ती गांधही नीट उठली नसती आणि सारी चाचणी फुकट गेली असती. तिच्याहून मोठी गांध उठली ती घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइट किड्यांच्या अर्काची. गादी-उशीवर घट्ट विणीची आवरणे घालून चादरी गरम पाण्यात धुण्यापासूनच माझे खरे उपचार सुरू झाले.

औषध म्हणून मला फेक्सोफेनाडीन १२० मिलिग्रॅम दिवसातून एकदा दिले. पहिले दोन आठवडे फरक जाणवेना, कारण मी ती गोळी रोज न्याहारीच्या वेळी संत्र्याच्या रसाबरोबर घेत होते. फळांच्या रसाने हे औषध कमी शोषले जाते. ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे, आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे आम्लपित्ताचे औषध घ्यायचे असल्यास दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे, हे मी माहितीपत्रक उलगडून वाचले तेव्हा कळले. रस बंद केला आणि शिंका ओसरल्या. चोंदलेले नाक मात्र गोळीला फारशी दाद देत नाही. त्यासाठी स्टेरॉइडचा नाकातला फवारा मिळाला; तो रोज, नाकाच्या मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला वळवून मारायचा असतो, आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात.

पुन्हा तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट माझ्याकडून परत म्हणवून घेतली. जीभ-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर येऊन अंग गार पडले, तर ते गोळीचे काम नव्हे. तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि तातडीची रुग्णवाहिकाच हवी. गोळी घेऊन वाट पाहण्यात जाणारी मिनिटे जिवावर बेतू शकतात.

आता वडिलांच्या औषधांचा डबा वेगळा आहे आणि त्याच्या झाकणावर त्यांना न चालणाऱ्या औषधांची नावे मी ठळक अक्षरांत लिहून चिकटवली आहेत. सर्दीची ती अर्धवट कापलेली स्ट्रिप टाकून दिली. फेक्सोफेनाडीन किती दिवस चालू ठेवायचे, हा प्रश्न पुढच्या भेटीसाठी वहीत लिहून ठेवला आहे.